सरन्यायाधीशांच्या आडनावांची पुनरावृत्ती : एक अनावश्यक मीमांसा

भारताच्या सर्वोच्च न्यायालयावर पुष्कळ लिहून झाले आहे. राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीवर ग्रंथ आहेत, कॉलेजियमवर परिसंवाद झडतात, उन्हाळी सुट्टीवरसुद्धा अग्रलेख येतात. परंतु सरन्यायाधीशांच्या यादीत एकदा येऊन गेलेले आडनाव पुन्हा केव्हा येते, या मूलगामी प्रश्नाकडे विद्वानांनी ढुंकूनही पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ही उणीव भरून काढण्याची मागणी कोणीही केलेली नाही. तरीही आम्ही ती भरून काढत आहोत.

साधनसामग्री एकच : हरिलाल कानिया यांच्यापासून सूर्य कांत यांच्यापर्यंत ५३ नावांची यादी. पद्धत त्याहून सोपी : पेन्सिल घ्यावी आणि दुबार आलेले आडनाव दिसले की खूण करावी. अशा खुणा फक्त चार होतात. कानिया हे आडनाव पहिल्या आणि तेविसाव्या क्रमांकावर येते, मुखर्जी चौथ्या आणि विसाव्या, मिश्रा एकविसाव्या आणि पंचेचाळिसाव्या, चंद्रचूड सोळाव्या आणि पन्नासाव्या. मुखर्जींची इंग्रजी स्पेलिंगे जुळत नाहीत, पण देवनागरीचा एक फायदा असा की ती जुळतात.

आता गणित. दोन क्रमांकांमधल्या अंतराला आम्ही ‘पुनरागमनांक’ म्हणतो. तो कानियांचा २२, मुखर्जींचा १६, मिश्रांचा २४ आणि चंद्रचूडांचा ३४. बेरीज ९६. भागिले चार, सरासरी बरोबर २४. अपूर्णांक नाही, बाकी शून्य. ज्या शास्त्रात सरासरी इतकी नीट निघते ते खोटे असेल यावर आमचा विश्वास बसणे कठीण आहे.

सिद्धान्त पडताळून पाहणे ओघाने आले. सातवे सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर, जन्म साताऱ्याचा, आडनावाचे गाव आजच्या कर्नाटकात. सूत्रानुसार एकतिसाव्या जागी गजेंद्रगडकर यायला हवे होते, आले किरपाल. सतराव्या भगवतींची पाळी एकेचाळिसाव्या जागी होती. तिथे लोढा बसले. पहिल्या एकोणतीस जणांची मुदत आता उलटून गेली आहे आणि त्यांपैकी वेळेवर परतले ते फक्त मिश्रा, तेही सूत्र बनवताना आम्ही वापरले होते म्हणून. एकोणतिसात एक हे प्रमाण निरुत्साही वाटेल, पण पुढची भाकिते अजून खोटी ठरायची आहेत : ७१ वे बोबडे, ७३ वे लळित, ७४ वे तिसरे चंद्रचूड आणि ७६ वे गवई. वाचकांनी तोवर धीर धरावा.

चंद्रचूडांपाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. हे आडनाव आधी इतिहासात भेटते ते होळकरांचे दिवाण गंगोबातात्या चंद्रचूड यांच्यामुळे. न्यायालयात ते आणले यशवंतराव चंद्रचूडांनी. १९७८ ते १९८५ अशी सात वर्षांहून अधिक काळ ते सरन्यायाधीश होते आणि तो विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. चिरंजीव धनंजय २०२२ मध्ये त्या खुर्चीवर बसले. पण त्याआधीच, साधे न्यायमूर्ती असताना, त्यांनी वडिलांचे दोन निकाल मोडीत काढण्यात हातभार लावला होता. आणीबाणीत अटक झालेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा १९७६ चा जबलपूर खटल्याचा निकाल. त्यात वडील बहुमतात होते. तो निकाल साफ चुकीचा होता असे मुलाने २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, लिहिले. व्यभिचाराचा कायदा वडिलांनी १९८५ मध्ये घटनेला धरून आहे असे ठरवले होते; २०१८ मध्ये ज्या पाच जणांनी तो रद्द केला त्यांत मुलगा होता. आपल्याकडे वडिलांचे म्हणणे खोडून काढायला जेवणाचे ताट पुरते. इथे एकदा नऊ न्यायाधीशांचे घटनापीठ लागले आणि एकदा पाचांचे.

जबलपूर खटल्याच्या पीठाकडे आमच्या शास्त्राच्या चष्म्यातून पाहिले तर आणखी एक गंमत दिसते. पाच न्यायमूर्ती होते : रे, बेग, चंद्रचूड, भगवती आणि खन्ना. पहिले चौघे सरकारच्या बाजूने गेले. यादीत त्यांचे क्रमांक १४, १५, १६ आणि १७, म्हणजे शाळेच्या रांगेसारखे ओळीने. हंसराज खन्ना एकटे विरोधात गेले. १९७७ च्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून बेगांना सरन्यायाधीश केले, तेव्हा ते राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यामुळे खन्ना हे आडनाव यादीत यायचे राहिले. ते आले २०२४ मध्ये, हंसराजांचे पुतणे संजीव खन्ना यांच्या रूपाने, ५१ व्या क्रमांकावर. त्यांना सूत्रे सोपवून निवृत्त झालेले पन्नासावे सरन्यायाधीश चंद्रचूड. असे योग शास्त्राला समजावून सांगता येत नाहीत, म्हणून आम्ही फक्त नोंद करतो.

आता दोषचर्चा. आपल्या जुन्या न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव. न्यायाधीशांवरचा सिद्धान्त न्यायशास्त्राच्या कसोटीला लावणे उचितच.

अतिव्याप्ती म्हणजे जे लक्ष्य नाही तेही जाळ्यात येणे. मुखर्जींचे तसे झाले असावे. बंगालमध्ये हे आडनाव इतके पसरलेले आहे की विजनकुमार आणि सव्यसाची या दोघांमध्ये नाते शोधत बसणे म्हणजे पुण्यातल्या दोन कुलकर्ण्यांना सख्खे भाऊ ठरवणे. अतिव्याप्तीचा याहून तिखट नमुना मुंबई उच्च न्यायालयात सापडतो. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे उभे राहिलेले बॅरिस्टर दावर. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणारे न्यायमूर्तीही दावरच. आडनावावरून संशोधन करणारा इथे काका-पुतणे धुंडाळू लागेल. ते दोघे नव्हतेच. दिनशा दावर हा एकच माणूस, अकरा वर्षांत बाकापासून खुर्चीपर्यंत पोचलेला. जामीन त्यांनी १९०८ मध्ये नाकारला, आणि तो मागायला उभे होते बॅरिस्टर जीना.

कायद्याला या अतिव्याप्तीची जाण आहे. नातलग न्यायाधीशापुढे वकिलाने उभे राहू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. त्यात बाप, आजा, मुलगा, काका, पुतण्या यांच्यापासून सासरा, मेहुणा, जावई आणि सून इथपर्यंत नात्यांची यादी दिली आहे. आडनावाचा त्यात उल्लेखही नाही. व्याह्यांचाही नाही. नियम लिहिणाऱ्यांना मराठी लग्नाचा अनुभव नसावा.

पण सिद्धान्ताचे खरे नुकसान करते ती अव्याप्ती, म्हणजे जे जाळ्यात यायला हवे ते निसटणे. सुजाता मनोहर मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश, पुढे तिथल्याच पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती. त्यांचे वडील कांतिलाल देसाई गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. बाप मुख्य न्यायमूर्ती आणि लेक मुख्य न्यायमूर्ती, पण आमच्या पेन्सिलीची खूण पडत नाही, कारण लग्नात देसाईंचे मनोहर झाले. दुसरे उदाहरण याहून अवघड. एकोणिसावे सरन्यायाधीश ई. एस. वेंकटरमय्या यांच्या कन्या बी. व्ही. नागरत्ना सर्वोच्च न्यायालयात आहेत. ज्येष्ठतेचा क्रम पाळला गेला तर २०२७ च्या सप्टेंबरात त्या देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील. चंद्रचूडांनंतर एकाच घरातली ही दुसरी बाप-लेकरांची जोडी ठरेल. आमच्या यादीत मात्र वेंकटरमय्या एका टोकाला आणि नागरत्ना दुसऱ्या टोकाला, अनोळखी माणसांसारखे उभे राहतील.

थोडक्यात, आडनाव मोजणारे शास्त्र मुलगे आणि पुतणे बिनचूक मोजते आणि मुलींपाशी आंधळे होते. ही खोड केवळ आमच्या शास्त्राची आहे असे म्हणायला आम्ही धजावत नाही. नागपूरच्या बोबड्यांकडे आजोबांपासून वकिली, तळकोकणातून आलेल्या लळितांकडेही तशीच. ‘वकिलांचे घराणे’ असे कौतुकाने म्हणताना आपण सगळे हीच पेन्सिल वापरतो. तेव्हा दुबार आडनावे चारच का, हा प्रश्न घेऊन आम्ही बसलो होतो, पण विचारायला हवा तो वेगळाच : ५३ जणांत एकही बाई का नाही? त्याचे उत्तर सरासरी काढून मिळत नाही.

उरला असंभव, म्हणजे लक्षण मुळी कुठे लागूच न होणे. पेशव्यांच्या न्यायाधीशाला सगळा महाराष्ट्र रामशास्त्री म्हणतो. प्रभुणे हे आडनाव लावायची गरज क्वचितच कोणाला वाटते. आणि ५३ वे सरन्यायाधीश सूर्य कांत तर आडनाव लावतच नाहीत. त्यामुळे ७७ व्या क्रमांकाबद्दल आमच्या शास्त्राला काहीही म्हणायचे नाही.