निरोगी सवयी : इच्छुकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

चांगली सवय लावून घ्यायची तर सर्वांत आधी मुहूर्त पाहावा. गुरुवारी दुपारी अचानक चालायला निघणारा माणूस उतावळा समजला जातो. सोमवार चांगला, महिन्याची एक तारीख त्याहून चांगली आणि १ जानेवारी सर्वोत्तम. गुढीपाडवा जवळ असेल तर मात्र साडेतीन मुहूर्तांतला एक हातचा घालवून इंग्रजी वर्षाच्या मागे लागू नये. यात अंधश्रद्धा म्हणावी असं काही नाही. दाई, मिल्कमन आणि रीस या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलं की आठवडा, महिना किंवा वर्ष सुरू होताना गूगलवर ‘डाएट’चा शोध वाढतो आणि व्यायामशाळेतली हजेरीही वाढते. तेव्हा हुरूप येतो हे शास्त्रानेच सांगितलं आहे. मुहूर्त येईपर्यंतचे दिवस रिकामे जाऊ नयेत म्हणून बासुंदी, भजी आणि उरलेले बेसनाचे लाडू संपवून घ्यावेत.

मग खरेदी. बूट भारीच घ्यावेत, कारण स्वस्त बुटांनी निश्चय डळमळतो अशी समजूत आहे. खोक्यातला सळसळणारा पातळ कागद आणि ‘खाऊ नका’ असं बजावणारी सिलिकाची पुडी जपून ठेवावी. खोका टाकायचा नाही, हा मराठी घरातला अलिखित कायदा आहे. यथावकाश त्यात विजेची जुनी बिलं, मिक्सरचं वॉरंटी कार्ड आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या राहायला येतात. बूट बाहेर, दाराशी. त्यांच्यावर धूळ बसली तरी येणाऱ्याजाणाऱ्याला हेतू दिसत राहतो.

व्यायामशाळेचे पैसे एकरकमी भरावेत. डेलाविन्या आणि मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या ७,७५२ सभासदांचा हिशेब तपासून २००६ साली प्रसिद्ध केला. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच जात होते. म्हणजे एका खेपेला सतरा डॉलरहून जास्त. तीच खेप दहा वेळांच्या पासावर दहा डॉलरांत पडली असती. जिमवाल्यांना हे बहुधा अर्थशास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक असावं. वार्षिक सभासदत्वावर ते सवलत उगाच देत नाहीत.

आता घोषणा. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहाटेच्या आकाशाचा फोटो टाकावा. पाचव्या मिनिटाला आत्या अंगठा दाखवतात, काका ‘सातत्य ठेव’ म्हणतात आणि पुण्याची मावशी गुडघ्यांवरचा तेलाचा उपाय पाठवते. एवढं कौतुक झालं की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. तसं वाटणं हीच गोम आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या प्रयोगांत ज्यांचा संकल्प दुसऱ्याच्या नजरेत आला, त्यांनी त्यासाठी पुढे कष्ट कमी घेतले. लोकांनी नोंद घेतली की मनाला पोहोचल्याचा आनंद आधीच मिळून जातो. ज्यांना फक्त आनंदच हवा आहे त्यांच्यासाठी ही पायरी शेवटची समजावी.

पुढे जाणाऱ्यांनी मनगटावर घड्याळ बांधावं आणि रोज दहा हजार पावलांचं लक्ष्य ठेवावं. हा आकडा कुठल्या वैद्याने काढला, असं कुणी विचारलं तर विषय बदलावा. तो १९६५ साली जपानच्या यामासा कंपनीने बाजारात आणलेल्या पाऊलमापकाच्या नावातून आला. आदल्याच वर्षी टोकियोत ऑलिम्पिक झालं होतं आणि व्यायामाची हवा होती. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ साली सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्यांतलं मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं आणि साधारण ७,५०० च्या पुढे फायदा वाढत नव्हता. पण साडेसात हजाराला दहा हजाराचा रुबाब नाही. म्हणून रात्री पावणेअकराला घड्याळ ९,६४० दाखवत असेल तर हॉल ते बाल्कनी अशा येरझाऱ्या घालाव्यात. फारच कंटाळा आला तर घड्याळ नातवाच्या मनगटाला बांधून त्याला सोफ्यावरून उड्या मारू द्याव्यात. मशीन भेदभाव करत नाही.

आहाराच्या बाबतीत घरातल्या एकाने आहारसल्ला देणाऱ्या डॉ. दीक्षितांचं ऐकावं आणि दुसऱ्याने आहारतज्ज्ञ दिवेकरांचं. पहिला दिवसातून दोनदाच जेवेल, तेही पंचावन्न मिनिटांत. दुसरा दर दोन तासांनी थोडं थोडं खाईल. स्वयंपाक करणारीने ओट्यापासून केव्हा हलायचं, ते दोघांनी मिळून ठरवावं. ते ठरत नाही, असा अनुभव आहे.

सकाळी अनशापोटी हिरवा रस घ्यावा, असं बहुतेक मार्गदर्शक सांगतात. इथे मात्र थट्टा बाजूला ठेवायला हवी. दुधीचा रस कडू लागला तर ‘कडू तेच औषध’ म्हणत तो संपवू नये. कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे येतो. २०१० साली दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाचा अशा रसानंतर मृत्यू झाला आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू रस पिऊ नका, असं बजावलं. दुधीची भाजी करावी, चण्याची डाळ घालून. रसाचं एवढंच.

प्रत्यक्ष चालणं हा या कार्यक्रमातला सर्वांत छोटा भाग. पुण्यात तळजाई, मुंबईत शिवाजी पार्क, बाकीच्यांनी आपापलं मैदान गाठावं. सोबत ग्रुप असावा. ग्रुपमध्ये एक निवृत्त बँकवाले, एक रक्तदाब तोंडपाठ असलेले आणि एक राजकारण जाणणारे असतातच. राजकारणवाले मुद्द्यावर आले की थांबतात, त्यामुळे सगळ्यांनाच थांबावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगते. त्यात उभं राहून केलेली चर्चा धरतात का, हे संघटनेने स्पष्ट केलेलं नाही. फेरी संपल्यावर समोरच्या गाडीवर वडा-सांबार घ्यावा. अर्धा तास झपझप चाललं तर साधारण दीडशे कॅलरी जळतात. दोन वडे आणि साखरेचा चहा हे देणं व्याजासकट फेडतात.

एवढं झाल्यावर इच्छुकाने एकवीस दिवस मोजावेत. एकविसाव्या दिवशी सवय लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘निदान’ हा शब्द वाटेत गळला आणि नाकाचा नियम चालण्याला लागू झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना रोजच्या एका ठरावीक गोष्टीला जोडून एक नवी कृती करायला सांगितली: जेवणाबरोबर फळ, नाश्त्यानंतर पाणी, असं काहीतरी. ती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. पाण्याचा पेला लवकर जमला, व्यायामाला वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. हे शेवटचं वाक्य इच्छुकांपासून लपवून ठेवावं. व्रत मोडलं म्हणून आता पुढच्या पाडव्यालाच बघू, ही मोठी सोय त्यामुळे जाते.

औंध संस्थानच्या राजांचा आदर्श तर मुळीच ठेवू नये. भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कार घालत, तेही नित्यनेमाने. संस्थानातल्या शाळांतल्या मुलांनाही त्यांनी ते घालायला लावले. त्यांच्या पद्धतीवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघालं. त्या पद्धतीत विकत घेण्यासारखं काही नव्हतं आणि दर आठवड्याला नवं काही नव्हतं. तेच नमस्कार, रोज. अशाने बाजार कसा चालायचा? १८६८ साली जन्मलेले राजेसाहेब १९५१ पर्यंत जगले, ही त्यांची खासगी बाब.

हा सगळा खटाटोप ज्यांना झेपणार नाही, त्यांच्यासाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसांची शतपावली शिल्लक आहे. जेवण रोज होतंच, त्यामुळे ती आठवण्यासाठी घड्याळ लागत नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांवर तिच्यासारखाच प्रयोग केला. दिवसात केव्हाही सलग अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी आढळली. रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी. आपल्याकडे रात्रीचं जेवण भरपेट असतं आणि त्यानंतर माणूस हलतो तो रिमोट शोधण्यापुरता. तेव्हा वाचकांनी आज जेवून उठल्यावर गच्चीत, गॅलरीत किंवा सोसायटीच्या आवारात चपला घालून दहा मिनिटं फिरावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालून मग.