सहकुटुंब, सहपरिवार आणि सांडपाण्यासह

मोटरहोम भाड्याने घेऊन न्यूझीलंडचं दक्षिण बेट पाहायचं, असं घरात ठरलं की सर्वात आधी जाहिरातीतला फोटो नीट बघावा. तळ्याकाठी गाडी, दोन खुर्च्या, दोन कप. फोटोत आजी नाहीत, कुकर नाही आणि गाडीमागे सांडपाण्याचा पाइप धरून कोण उभं आहे तेही दिसत नाही. तो माणूस बहुधा तुम्हीच असणार आहात.

‘सिक्स बर्थ’ म्हणजे सहाजण झोपू शकतात. सहाजण एकाच वेळी उभे राहू शकतात, असं कंपनी कुठेही म्हणत नाही. रात्री जेवणाचं टेबल खाली करून त्यावर गाद्या टाकल्या की पलंग होतो. त्यामुळे ज्याला लवकर झोप येते त्याने सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत जागायचं. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगासाठी मुलं भांडतात, पण फक्त पहिल्या रात्री. चालत्या गाडीत प्रत्येकाने पट्टा बांधून बसायचं असतं आणि सात वर्षांखालच्या मुलांना त्यांची वेगळी सीट लागते. धावत्या गाडीत चहा टाकण्याची आजोबांची योजना बुकिंगच्या आधीच मोडून काढा.

सामान भरताना मध घरीच ठेवा, तो आत जाऊच देत नाहीत. लोणची, मसाले, लाडू जे काही नेणार असाल ते देशात प्रवेशाच्या अर्जात निमूटपणे लिहा. न सांगता सापडलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. ट्रेकिंगचे बूटही जाहीर करावे लागतात. अधिकारी ते उलटे करून तळ बघतात, तेव्हा सिंहगडाची माती जुन्या टूथब्रशने घरीच काढून टाका.

आता खातेवाटप. आपण आयुष्यभर नगरपालिकेला नावं ठेवतो. इथे नगरपालिका तुम्हीच आहात. पाणीपुरवठा, वीज, कचरा ही खाती कुणीही हसत घेतं. मलनिस्सारण मात्र ज्याने ही सहल सुचवली त्याच्याकडे द्यावं, अपील नाही. टॉयलेटखाली साधारण वीस लिटरची पेटी असते. लाल दिवा लागला की गाडीच्या बाहेरून छोटं दार उघडून ती ओढून काढायची, डम्प स्टेशनवर नेऊन रिकामी करायची आणि विसळायची. हवेचं बटण दाबल्याशिवाय ओतलीत तर ती गचके देते, आणि मग बाकीचं कुटुंब निसर्गसौंदर्य पाहायला लांब निघून जातं. तिथे दोन नळ असतील तर वरची पाटी वाचा. पेटी धुण्याच्या नळाला पिण्याच्या पाण्याची नळी लावणाऱ्या मंत्र्याचा राजीनामा तिथेच घ्यावा.

फुकट मुक्कामाचं स्वप्न असेल तर खिडकीवर हिरवं प्रमाणपत्र आहे का बघा. २०२३ च्या कायद्याने त्यासाठी गाडीत पक्कं बसवलेलं टॉयलेट लागतं. ते असलं तरी हव्या त्या तळ्याकाठी थांबता येत नाही. पाटीवर मनाई असेल तर मनाई. मिक्सरही फक्त वीजजोडणीच्या जागेवरच फिरेल, बाकी वेळी चटणी कोरडीच. आणि फोडणी देण्यापूर्वी सगळ्या खिडक्या उघडा. मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा अलार्म असा किंचाळतो की शेजारच्या गाडीतलं जर्मन जोडपं पायजम्यात बाहेर येतं.

रस्ते डाव्या बाजूचेच असल्याने आपल्या ड्रायव्हरला लगेच आत्मविश्वास येतो. तो धोकादायक आहे. क्राइस्टचर्च ते टेकापो म्हणजे जवळपास पुणे–कोल्हापूर, पण ‘अडीच तासांत पोचू’ हे वाक्य या गाडीत उच्चारू नये. एकेरी पुलांवर लाल बाण तुमच्या बाजूने असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्या. हॉर्न वाजवून पूल रुंद होत नाही. पहिल्याच गोल चौकात कपाटाचं दार उघडून स्टीलचा डबा बाहेर येतो. डबा परवडतो, त्यातलं तूप परवडत नाही, म्हणून निघताना प्रत्येक कडी हाताने दाबून बघायला एक वेगळा माणूस नेमा. विम्याचा कागद शेवटपर्यंत वाचा: क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडवर भाड्याच्या गाडीला विमा लागू होत नाही. गाडीची उंचीही स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेवा, कारण मॉलच्या पार्किंगचं छत तुमच्यासाठी वर सरकत नाही.

मिलफर्ड साउंडला जाताना डिझेल टे आनाउमध्येच भरा. होमर बोगद्यापाशी सिग्नलला थांबलात की किया नावाचा हिरवा पहाडी पोपट बॉनेटवर येऊन बसेल. आजी त्याला पोळीचा तुकडा टाकायला जातील, हात धरा. त्याला खायला घालायचं नसतं, आणि त्यालाही पोळीपेक्षा वायपरचं रबर जास्त आवडतं.

गाडी परत करायच्या दिवशी डिझेल भरा, सांडपाण्याची टाकी आणि टॉयलेटची पेटी रिकामी करा, झाडून घ्या. सीटवर हळदीचा डाग असेल तर तो घासून पसरवू नका. काउंटरवर स्वतःहून सांगा आणि बिल घ्या. डिझेल गाडी असेल तर किलोमीटरमागे रस्ता-कराचा हिशेबही त्याच कागदावर येईल. तो वाचत असताना आजी हमखास विचारतील की पुढच्या वर्षी उत्तर बेट का नको. उत्तर देण्याआधी मलनिस्सारण मंत्र्यांची संमती घ्या.