चौकशीबहाद्दर

देवळ्यात पाच कंदील चौकात कुणालाही "भाऊ कुठं भेटतील?" असं विचारा. समोरचा उलट विचारील, "कोणते? घेणारे की चौकशी करणारे?" आपल्याला दुसरे हवेत. बी-बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान, गल्ल्यामागे फ्रेम करून लावलेले परवाने, आणि परवान्यांखाली चष्मा कपाळावर चढवून मोबाइल वाचत बसलेले भाऊ.

प्रत्येक तालुक्याच्या गावात असा एक माणूस असतोच. त्याला वस्तू नको असते असं नाही. हवी असते, अगदी मनापासून हवी असते. पण घ्यायच्या आधी तिचा अभ्यास करायचा असतो आणि अभ्यासातच त्याचं पोट भरतं. भाऊंनी एका मोटारसायकलची चौकशी इतकी लांबवली की शेवटी कंपनीने ते मॉडेलच बंद केलं. भाऊंना वाईट वाटलं नाही. "बघा, मी म्हणत होतो ना, त्या गाडीत काहीतरी आहे," असं ते चार दिवस सगळ्यांना सांगत होते, जणू कंपनीने त्यांचाच सल्ला घेतला होता.

गंमत अशी की हेच भाऊ दुकानात बसले की विजेसारखे चालतात. उमराण्याचा शेतकरी दारात आला, की तो चप्पल काढेपर्यंत भाऊंनी पुडा काउंटरवर ठेवलेला असतो. "उन्हाळ कांदा लावतोय ना? हे न्या. दुसरं काही बघू नका." दुसऱ्याच्या तीन एकराचा निकाल असा झटक्यात लागतो. स्वतःच्या पायातली चप्पल घ्यायला मात्र त्यांना दोन दिवाळ्या लागतात.

अशा माणसाच्या डोक्यात पाल शिरली.

झालं असं, की चिरंजीवांनी कुत्रं मागितलं. "कुत्रं सगळेच पाळतात," म्हणून भाऊंनी ते फेटाळलं. मग मांजर, मग लव्हबर्ड, मग माशांची पेटी. प्रत्येकावर महिना-महिना विचार होऊन सगळ्यांना नारळ मिळाला. तेवढ्यात पुण्याच्या भाच्याने मोबाइलवर चित्रफीत पाठवली: काचेच्या पेटीत पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली एक जाडजूड पाल, चेहऱ्यावर कायमचं हसू. गेको म्हणतात तिला. भाऊंनी ती चित्रफीत गिऱ्हाइकांना दाखवली, बँकेच्या साहेबांना दाखवली, शेवटी घरी आईला दाखवली. म्हातारीने मोबाइल लांब धरून नीट पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं.

"घरमा इतल्या पाली शेतस, आखो कसाले?"

या प्रश्नाचं उत्तर आजतागायत कुणाला देता आलेलं नाही.

पण भाऊ हटले नाहीत. उधारीच्या वहीची मागची पानं उघडून त्यांनी रकाने आखले आणि मुलाला स्थळं पाहावीत तशा पाली पाहायला सुरुवात केली. मूळ गाव, वय, उंची, खाणंपिणं, स्वभाव. शेवटच्या रकान्यावर 'खोड' असं लिहिलं होतं.

पहिलं स्थळ न्यू कॅलेडोनियाचं. क्रेस्टेड गेको, डोळ्यांवर पापण्यांसारखी झालर. ही जात नामशेष झाली असं जग समजून बसलं होतं, ती १९९४ मध्ये पुन्हा सापडली. पोरगी गुणाची, फळांच्या तयार भुकटीवरही राहते, किड्यांचा फारसा हट्ट नाही. पण तिला हवा लागते बावीस ते सव्वीस अंशांची. एप्रिलमध्ये देवळ्यात पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका. म्हणजे पालीला एसी. वहिनी भाजी निवडत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "अहो, आधी आईंच्या खोलीला पंखा बसवा." खोड या रकान्यात 'एसी' असं लिहून भाऊंनी स्थळ मोडलं.

दुसरं मादागास्करचं. डे गेको, पोपटी अंग, पाठीवर लाल ठिपके, दिवसा जागी. दिसायला एक नंबर, पण धरायची सोय नाही. कातडी इतकी नाजूक की घट्ट पकडलं तर सोलून निघते. भाऊंचं म्हणणं, नुसतं बघायचंच असेल तर मोबाइल काय वाईट आहे?

तिसरं आपल्या ईशान्येकडचं, टोके. हाताच्या पंजापेक्षा लांब, निळसर अंगावर केशरी ठिपके, आणि रात्री स्वतःचंच नाव मोठ्याने घेत ओरडते. एकदा चावली की सोडत नाही. हिच्यापासून असाध्य रोगांवर औषध होतं अशी आवई उठली आणि बिचारीची तस्करी सुरू झाली. २०१९ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत आणि आपल्याकडेही कायद्याने ती संरक्षित आहे. तरी भाऊंनी तिच्यावर पाच पानं लिहिली, कारण तिच्या पायांनी त्यांना वेड लावलं होतं. एकेका पायावर पाच लाखांच्या आसपास अतिसूक्ष्म केस, त्यांची टोकं पुन्हा फुटलेली, आणि ती भिंतीच्या इतकी जवळ जातात की रेणूरेणूंमधल्या ओढीवरच पाल तोलली जाते. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००० सालानंतर हे मोजून दाखवलं. परवा एक शेतकरी औषध पानाला चिकटावं म्हणून फवारणीत मिसळायला स्टिकर मागायला आला. त्याला भाऊंनी अर्धा तास थांबवून हे सगळं ऐकवलं. "डिंक नाही, चिकटा नाही, काही नाही! नुसते केस!" शेतकऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते लिटरमागे किती टाकायचं?"

उरलं चौथं स्थळ, चित्रफितीतलं. लेपर्ड गेको. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या मुलखातली. हिच्या पायाला ते केस नाहीत, त्यामुळे काचेवर चढून पळून जायची भीती नाही. बहुतेक पालींना पापण्या नसतात, त्या जिभेने डोळे पुसतात. हिला पापण्या आहेत, ही चक्क डोळे मिटून झोपते. स्वभावाने गरीब. शेपटीत चरबी साठवते, म्हणून चार दिवस उपाशी राहिली तरी तक्रार नाही. पहिल्यांदा पाल पाळणाऱ्याने हीच घ्यावी असं जगभरचे जाणकार सांगतात, आणि भाऊंचंही तेच मत पडलं. पेटीच्या एका टोकाला एकतीस-बत्तीस अंश, दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या आसपास, मधे लपायला ओलसर खोपा, खाली वाळू न घालता साधा कागद, कारण वाळू पोटात गेली तर आतडं तुंबतं. दोन नर एकत्र ठेवायचे नाहीत. आणि ती रात्री जागते. ही तर आमच्याकडे अडचणच नाही, पंपाची थ्री फेज रात्री येत असल्याने अर्धा तालुका तसाही जागाच असतो.

भाऊ एकाच ठिकाणी अडले. नीट सांभाळली तर ही पाल पंधरा-वीस वर्षं जगते. भाऊंनी वहीत बेरीज मांडली. पाल म्हातारी होईल तेव्हा चिरंजीवांचं लग्न झालेलं असेल. "सून आली आणि म्हणाली, एक तर मी नाही तर ही पाल, मग?" वहिनी म्हणाल्या, "मी आले तेव्हा मला कुणी असं विचारायची मुभा दिली नव्हती."

मधल्या काळात भाऊंचं पालज्ञान इतकं वाढलं की दुकानात भाव विचारायला आलेला माणूस पालीबद्दल चार गोष्टी शिकूनच बाहेर पडायचा. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या पायाशी, २००८ मध्ये वरद गिरी आणि आरन बाउअर यांनी एका नव्या पालीची नोंद केली, तिला साताऱ्याचंच नाव आहे. लेपर्ड गेकोची सख्खी चुलत बहीण सातपुड्यात निघाली, २०१४ मध्ये. दुसरी एक महाराष्ट्र-गुजरातच्या झुडपी रानात राहते. रात्री रस्त्यावर दिसली की लोक तिला विषारी समजून दगडाने ठेचतात. माणसाला मारील अशी विषारी पाल भारतात एकही नाही, हे भाऊ ज्या तळमळीने सांगतात तेवढ्या तळमळीने त्यांनी कधी उधारीसुद्धा मागितलेली नाही. ही रानातली उचलून आणावी असा सल्ला एका शहाण्याने दिला, तेव्हा भाऊ कडाडले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अनुसूचीतल्या प्राण्याला नुसतं पकडणं हीसुद्धा शिकारच. "डबीत पाल घालून तुरुंगात जाऊ का मी?"

माझ्या मते माणूस म्हणून भाऊंची किंमत इथे कळते. एका विक्रेत्याचा फोन आला होता. कुठल्याशा शहरातला, नाव कशाला घ्या. दोन दिवसांत एसटीच्या पार्सलने पाल पाठवतो म्हणाला. भाऊंनी विचारलं, पक्कं बिल मिळेल? कुठे जन्मली, आईबाप कुणाकडचे, आयात असेल तर परवाना कुठाय? वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, व्यापारबंधनांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते, २०२४ च्या फेब्रुवारीत त्याचे नियमही आले. ही पाल त्या यादीत येते की नाही, ते लेखी द्याल का? पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला, "कागद कशाला लागतात भाऊ, पाल आहे ती, बुलेट नाही." भाऊंनी फोन ठेवला. ज्याच्या दुकानात बिनबिलाची दाणेदार खताची पिशवीसुद्धा शिरत नाही, तो बिनबिलाची पाल घेणार?

कागद असलेला दुसरा विक्रेता मिळेपर्यंत वेळ वाया जाऊ नये म्हणून भाऊंनी आधी खाद्याची तयारी करायचं ठरवलं. लेपर्ड गेको जिवंत किडेच खाते. म्हणजे रातकिडे हवेत. म्हणजे ते घरी पैदा करायला हवेत. आणि इथून पुढे जे घडलं ते पाहायला मी देवळ्यात हजर होतो याचा मला आनंद आहे.

दिवसभर कीडनाशक विकणारा माणूस रात्री गाजर किसून किड्यांना भरवतोय, हे दृश्य एकदा तरी पाहावं. पहिली तुकडी दुकानामागच्या गोदामात ठेवली. सकाळी सगळे किडे पाय वर करून पडलेले. औषधाच्या खोक्यांचा नुसता वासच पुरला. गिऱ्हाइकांना मात्र यातून दुकानातल्या मालाची खात्री पटली आणि त्या आठवड्यात विक्री चांगली झाली. दुसरी तुकडी घरी आणली. निळा ड्रम अर्धा कापला, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे केले, रोपवाटिकेतलं कोकोपीट ओलं करून माद्यांना अंडी घालायला ठेवलं, गव्हाचा कोंडा टाकला, वरून शेडनेट बांधली. कॅल्शियमचीही सोय झाली. डाळिंबाला देतात ते कॅल्शियम नायट्रेट नव्हे, हे कॅल्शियम कार्बोनेट, डी-थ्री मिसळलेलं. किड्यांना त्या भुकटीत घोळवून पालीपुढे टाकायचं, नाहीतर तिची हाडं वाकतात. सगळं तयार झालं, फक्त पाल नव्हती.

दोनेक आठवड्यांत अंडी फुटली. मुंगीएवढी पिल्लं शेडनेटच्या भोकांतून निवांत बाहेर पडली, मोठ्यांनी जाळी कुरतडून स्वतःचा दरवाजा केला. घरात चहूकडे किर्रकिर्र सुरू झाली. देव्हाऱ्यात, तांदळाच्या डब्यामागे, चिरंजीवांच्या दप्तरात. रात्री बारा वाजता भाऊंनी घरच्यांना धीर दिला, "घाबरू नका, ओरडतो तो फक्त नर. मादी गप्प असते." वहिनी म्हणाल्या, "आपल्याकडे पहिल्यापासून तसंच आहे."

आणि मग त्या आल्या. शेजारच्या गल्लीतून, कांद्याच्या चाळीतून, पत्र्याच्या फटीतून, जिथे जिथे म्हणून पाली होत्या तिथून. ट्यूबलाइटभोवती आधी जेवढ्या असायच्या त्याच्या तिप्पट दिसू लागल्या. गाजर आणि कोंड्यावर पोसलेले रातकिडे त्यांनी जन्मात चाखले नव्हते. महिनाभरात त्या अशा गुबगुबीत झाल्या की चालताना भिंतीवर सावली पडायची. म्हातारी पंचांगातलं पाल अंगावर पडण्याच्या फळांचं पान उघडूनच बसली, कारण पाली आता वजनाने पडू लागल्या होत्या. भाऊ मात्र वही घेऊन खुर्चीवर. कोणती कुठून येते, कोण कुणाला हाकलतं, कुणाची शेपूट तुटली, नवी कितपत आली. भाच्याचा फोन आला, "मामा, गेको घेतली का?" भाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "हळू बोल, जेवतायत."

सहा महिन्यांत रातकिडे संपले, पाली पांगल्या. पालीसाठी आणलेली काचेची पेटी अजून खोक्यातच आहे, कुणाला हवी असेल तर दुकानात विचारावं. पावतीही जपून ठेवलेली आहे.

हल्ली भाऊंचं कासवावर चाललंय. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, आपल्याकडचंच. कुणीतरी फोटो पाठवलाय, भावही सांगितलाय, वहीत नवे रकाने पडलेत. तुमची गाठ पडली तर त्यांना एवढंच सांगा: ते चांदण्यांचं कासव वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि या वेळी चौकशीसुद्धा नको. भाऊ नुसतीच चौकशी करतात, प्राणी काही घेत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. वनखात्याला ठाऊक नाही.