काट्याकडं बघू नका

आमच्या जुन्या ट्रकचं इंजिन मे महिन्यात, भर दुपारी, सिमेंटची पोती भरून कसारा घाट चढताना तापत नाही. ते तापतं डिसेंबरात, रात्री, इगतपुरीच्या धुक्यात, तेही हेडलाइट लावल्यावर. निदान मीटरचं म्हणणं तसं आहे. हेडलाइट बंद केले की इंजिन त्या क्षणी निवतं. एका बटणासरशी इतकं काम होत असेल, तर पुढं एवढा मोठा रेडिएटर कशाला बसवलाय, कळत नाही.

साइड दिली की काटा इंडिकेटरच्या ठोक्यावर मान डोलावतो. हॉर्न दाबला की दचकतो. पावसात वायपर लावला की थोडा अस्वस्थ होतो. गाडीत जे जे घडतं त्याची तो दखल घेतो, फक्त पाण्याच्या तापमानाची तेवढी घेत नाही. मीटरवर आकडे नाहीत. एका टोकाला ‘सी’, दुसऱ्या टोकाला ‘एच’, आणि मधलं सगळं ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडलेलं.

ड्रायव्हरची श्रद्धा पक्की आहे. ‘मालक, काट्याकडं बघू नका. गाडी गरम झाली की वास येतोच.’ वास येतो हे खरं. तोपर्यंत हेड गॅस्केटचा निकाल लागलेला असतो, हेही खरं. पण तो मुद्दा आमच्यात निघत नाही.

मिस्त्रींनी काट्याकडं पाहिलंही नाही. बोनेट उघडायच्या आधीच ते म्हणाले, ‘थर्मोस्टॅट काढून टाकू.’ मिस्त्रींकडं गाडी गरम होते म्हणून न्या, डिझेल जास्त खाते म्हणून न्या, पहिला बळी थर्मोस्टॅटचाच. वास्तविक ती मेणाच्या गोळीवर चालणारी गरीब झडप आहे. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत येईतो ती रेडिएटरची वाट अडवून धरते, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. ती काढली की इंजिन थंडच पळतं, डिझेल जास्त पितं आणि सिलिंडर लवकर झिजतात. मग मिस्त्रींकडं पुन्हा जावं लागतं. यात काही योजना असेल असं मी म्हणत नाही.

मग मीटरला पाण्याचं तापमान कळवणारा सेन्सर बदलायचं ठरलं. तो स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाला. ‘हाच लागतो का?’ या प्रश्नाला ‘आटे तेच आहेत ना?’ असं उत्तर मिळालं. आटे तेच होते. आतला रोध मीटरशी जुळायला हवा, नाहीतर नवाकोरा सेन्सरही खोटंच सांगतो, हे काउंटरवर कुणाला ऐकायचं नव्हतं. मागं रांग होती. बसवणाऱ्या पोऱ्यानं तो टेफ्लॉन टेप गुंडाळून, घरचा नळ बसवावा तसा आवळला. या सेन्सरला वायर एकच असते. करंटची परतीची वाट त्याच्या आट्यांतून, इंजिनाच्या लोखंडातून जाते. त्या वाटेवर टेप गुंडाळायचा आणि मग काटा नीट चालत नाही म्हणायचं.

इतक्या जणांनी इतकं काही बदलायला सुचवलं. मोजायला कुणीच सुचवलं नाही. मोजणं अवघड नाही. सेन्सरची वायर काढली की आमच्यासारख्या जुन्या मीटरचा काटा खाली पडतो, तीच क्षणभर इंजिनाला टेकवली की वर जातो. दोन्ही झालं, म्हणजे मीटर आणि वायर शाबूत. मग सेन्सर पातेल्यातल्या पाण्यात सोडून पाणी तापवायचं आणि मल्टिमीटर लावायचा. पाणी तापेल तसा रोध उतरत गेला, म्हणजे सेन्सरही जिवंत. हे सगळं झालं. पातेलं स्वयंपाकघरानं परत घेतलं नाही, ती तक्रार निराळी.

शेवटी एका म्हाताऱ्या वायरमननं काही न बोलता बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत एक जाड वायर धरली आणि ‘लाइट लावा’ म्हणाला. लावले. काटा जागचा हलला नाही. हॉर्न वाजवला, साइड दिली, काटा ढिम्म.

अल्टरनेटर इंजिनावर, दिवे बॉडीवर. दिव्यांचा करंट इंजिनाकडं परतावा म्हणून चासी आणि इंजिन यांच्यामध्ये तांब्याची विणलेली अर्थपट्टी असते. तिचा जोड धड नसला की दिव्यांचा, हॉर्नचा, इंडिकेटरचा सगळा गोंधळ बिचाऱ्या काट्याच्या अंगावर येतो. आमची पट्टी गिअरबॉक्सच्या बाजूला, चिखलाच्या थराखाली सापडली. ती हिरवी पडली होती, पण तुटलेली नव्हती. बोल्ट काढला तर तिच्या डोळ्याखाली चकचकीत काळा रंग. एक थर नव्हे. नखानं खरवडला तर पापुद्र्यावर पापुद्रा.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं दरवर्षी पासिंग असतं. पासिंग आलं की चासी काळी करायची, हा रिवाज. रंगारी मन लावून काम करतात; पट्टी सैल करून तिच्याखालीसुद्धा ब्रश फिरवतात. पॉलिश पेपरनं घासून लोखंड उघडं केलं, नवी पट्टी आवळली आणि काटा माणसात आला.

तेव्हा पासिंगच्या गाड्या रंगवणाऱ्या सर्व बंधूंना हात जोडून विनंती आहे: चासी हवी तेवढी काळी करा, चाकं चंदेरी करा, मागं मोरही काढा. फक्त अर्थचा तो एक बोल्ट सोडा. पासिंगला तो कुणीही बघत नाही.