खोडरबर सर

सर आधी हात पुढं करतात आणि मग विचारतात, "काय झालंय?" तोवर आपली वस्तू त्यांच्या एका हातात गेलेली असते आणि दुसऱ्या हातात खिशातला खोडरबर आलेला असतो. पांढरा, अप्सराचा, नॉन-डस्ट. "कुठं नेऊ नका. आधी घासून बघू."

परभणीतल्या एका शाळेत सरांनी जन्मभर चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणारी पोरं घडवून सर निवृत्त झाले, खोडरबर मात्र नोकरीतच राहिला. विजेवर चालणाऱ्या वस्तूंचे सर दोनच प्रकार मानतात: घासलेल्या आणि घासायच्या राहिलेल्या. टीव्हीचा रिमोट, मोबाइलचं सिम, एटीएमचं कार्ड, सगळं त्या पांढऱ्या वडीखालून गेलंय. एकदा रेशन दुकानातलं मशीन एका आजीचा अंगठा घेईना. सरांनी मशीनची काच घासली. तरी घेईना, तेव्हा त्यांनी सरळ आजीचा अंगठाच धरला. कापूस वेचून, खुरपं धरून गुळगुळीत झालेला अंगठा तो. आजी म्हणाली, "गुरुजी, सरकारला हाईत त्या रेघा दिसंनात, अन् तुम्ही राहिलेल्या बी खोडायले का?"

चीड येते ती माणूस निम्मा बरोबर असतो म्हणून. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. घामेजल्या बोटांनी सेल हाताळले की टोकांवर मळाचा पापुद्रा धरतो, आणि कॅमेऱ्याला तेवढाही अडथळा पुरतो. मऊ खोडरबरानं तो खरंच निघतो, भले भले कारागीर तेच करतात. पण उरलेल्या निम्म्याचं काय?

तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसातली गोष्ट. तेव्हा दोन पेन्सिल सेलवर चालणारे छोटे डिजिटल कॅमेरे नवे होते. आम्ही टपरीवरून साधे स्वस्त सेल घेतले. दोन फोटो निघाले आणि कॅमेरा म्हणाला, बॅटरी बदला. तेच सेल घड्याळात घातले असते तर वर्षभर चालले असते. घड्याळाचं थेंबावर भागतं, कॅमेऱ्याला एकदम बादलीभर लागतं, आणि एवढी मागणी आली की साध्या सेलचं व्होल्टेज कोसळतं. सरांनी सेल काढून घासले. कॅमेरा चालू! दोन फोटो, पुन्हा बंद, पुन्हा घासकाम. तेवढ्या वेळात सेलला विश्रांती मिळत होती आणि तो जरासा सावरत होता, हे मी त्यांना पाळण्याखाली उभं राहून समजावलं. सर म्हणाले, "विश्रांती कुणी दिली? मीच ना?" अख्खा उरूस असा दोन-दोन फोटोंनी पार पडला.

जगातला पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरनं जुळवला. त्यात निकेल-कॅडमियमचे १६ सेल होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. हे मी सरांना कौतुकानं सांगितलं. त्यांनी फक्त हिशेब केला. "१६ सेल म्हणजे ३२ टोकं. २३ सेकंद लागणारच की! घासली नसतील." आणि वर, "जगात जर्मनी, भारतात परभणी. अमेरिकेला कोण विचारतंय?"

तर यंदाच्या लग्नसराईत माझ्या पुतण्याचा मोठा कॅमेरा मेला. तो लग्नाचे फोटो काढतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिंतूर रोडला हळद. बॅटरी भरलेली, मीटर लावला तर आठ व्होल्टच्या वर दाखवते, पण कॅमेऱ्यात घातली की दिवा नाही, पडदा नाही, काही नाही. सर आले. बॅटरीची टोकं घासली. कार्ड घासलं. मग लेन्स काढून तिच्या सोनेरी ठिपक्यांवर हात फिरवायला लागले. पुतण्या काकुळतीला आला. "सर, लेन्सचा काँटॅक्ट गेला असता तर पडद्यावर एरर आला असता. इथं करंटच पोचत नाही." "नाही पोचत ना? मग घासायला नको?" नॉन-डस्ट असला म्हणून काय झालं, चार कण आत सेन्सरवर गेलेच. हळदीच्या फोटोंत नवरदेवाच्या गालावर तीळ आला, आणि नवरदेव सरकला की तोच तीळ करवलीच्या गालावर.

पुतण्यानं शेवटी स्क्रू ड्रायव्हर काढला. इथं मात्र सरांनी त्याचा हात धरला. "स्क्रूला हात नाही लावायचा." या एका गोष्टीत ते कट्टर आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही तीनशेच्या आसपास व्होल्ट धरून बसू शकतो. शिवाय उघडून दुरुस्त करणाऱ्या आमच्या गावातल्या विद्वानांकडं दर वेळी तीन स्क्रू उरतात. सरांकडं काही उरत नाही, थोडा चुरा सोडला तर.

मग सर चित्रकलेच्या मास्तरासारखं बघायला लागले, म्हणजे काही न करता, बराच वेळ. बॅटरीच्या झाकणावरचं एक बारीक प्लॅस्टिकचं बोंड मोडलं होतं. झाकण लागल्यावर ते बोंड आतली एक कळ दाबतं, तेव्हा कॅमेऱ्याला झाकण बंद आहे असं कळतं. नाहीतर बॅटरी कितीही भरलेली असू दे, तो जागा होत नाही. सरांनी ब्लेड मागितलं, खोडरबराचा कोपरा कापला आणि झाकणाला आतून चिकटवला. कापताना त्यांचा चेहरा मला बघवला नाही. कॅमेरा चालू झाला.

पुतण्यानं पहिला फोटो सरांचाच काढला. सर म्हणाले, "हिचा एकही राहिला नाही बघ." पाकिटातून त्यांनी एक मेमरी कार्ड काढलं. काकू गेल्या त्याच्या आदल्या वर्षी काढलेले सगळे फोटो त्यात होते. एके दिवशी ते लागेना, तेव्हा सरांच्या खिशात तो दुरंगी खोडरबर होता, तांबड्या-निळ्या बाजूंचा. निळी बाजू शाई काढायची, सँडपेपरच ती. सरांनी तिनं घासलं, जोरात घासलं. कार्डावरची सोन्याची पट्टी गेली. तेव्हापासून खिशात फक्त पांढरा.

पुतण्या हळू आवाजात म्हणाला, "सर, पट्टी गेली तरी आतली चिप शाबूत असेल. पुण्या-मुंबईकडं डेटा काढून देणारे आहेत. कार्डाचं आवरण खरवडून आत बारीक तारा जोडतात."

"म्हणजे उघडावं लागंल?"

"तसंच म्हणा."

सरांनी कार्ड पाकिटात ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं, आणि उरलेला खोडरबर चाचपला.

"नेऊ पुण्याला. पण आधी एकदा पांढऱ्यानं घासून बघू."