टर्बोकाका

प्रत्येक मराठी मंडळात एक खजिनदार असतो, एक रुसलेला माजी अध्यक्ष असतो आणि एक टर्बोकाका असतात. पहिल्या दोघांना टाळता येतं. टर्बोकाकांना टाळता येत नाही, कारण हॉलच्या दाराशीच बॉनेट उघडून ते उभे असतात.

न्यू जर्सीतल्या टर्बोकाकांकडे १९८६ सालची साब ९०० टर्बो आहे. ही गाडी बनवणारी स्वीडिश कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण काकांनी ती बातमी मनावर घेतलेली नाही. गाडीचं इंजिन उलटं बसवलेलं, म्हणजे क्लच ग्रिलकडे आणि पट्टे ड्रायव्हरकडे. बॉनेट आधी पुढे सरकतं आणि मग उघडतं. किल्ली लावायची ती स्टिअरिंगजवळ नाही, दोन सीटांच्या मध्ये. बूस्टच्या, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या, काट्यामागे आकडे नाहीत, नुसते रंगीत पट्टे. पाहुण्याने ‘हे असं का?’ विचारावं, काकांनी त्यातला शहाणपणा उलगडून सांगावा आणि तोवर आत पहिला अंक संपून बटाटेवडेही संपावेत, हा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला आहे.

काकांचं कुलदैवत म्हणजे टायमिंग. ठिणगी कधी पडावी, हा त्यांच्या मते विश्वातला एकमेव गंभीर प्रश्न. पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी ठिणगी पडायला हवी, कारण इंधन जळायलाही वेळ लागतो. किती आधी? इथे काका झोपाळा काढतात. झोपाळा मागे येऊन थांबला की धक्का द्यायचा. येतानाच दिलात तर मनगट मोडेल, लांब गेल्यावर दिलात तर हात हवेत. तीन हजार आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात अठरा अंश फिरतो, त्यामुळे मनगट मोडायला फार वेळ लागत नाही.

ही विद्या त्यांनी वडिलांच्या फियाटवर मिळवली. कुर्ल्याला बनणारी, १०८९ सीसीची. तिचं टायमिंग मेकॅनिक कानाने लावायचा. डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, सैल करायचा, जरा इकडे, जरा तिकडे, मग कसारा घाटात घेऊन जायचं. चढावर किंचित खडखडली की तेवढंच मागे घ्यायचं, झालं काम. टर्बोत मात्र हे चालत नाही. हवा दाबून भरलेली असल्याने जाळ लवकर पसरतो आणि खडखड कानावर येईपर्यंत पिस्टनचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असू शकतं. म्हणून काका स्ट्रोब लाइट वापरतात. इंजिन गरम करायचं, व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, पहिल्या सिलिंडरच्या वायरला चिमटा लावायचा आणि फ्लायव्हीलवरची खूण लखलखाटात गोठलेली पाहायची. मग डेल्को केसभर फिरवायचा. केसभरच, कारण तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इथला एक अंश म्हणजे तिथले दोन.

‘मग जरा उशिराच ठेवावं की, सुरक्षित!’ असं कोणी भाबडेपणाने म्हटलं, की तो गेलाच म्हणून समजा. उशिरा पेटलेला जाळ पिस्टन ढकलायचं काम अर्धवट टाकून एक्झॉस्टमध्ये शिरतो आणि टर्बाइनला भाजत बसतो. लवकर केलं तर पिस्टन जातो, उशीर केला तर टर्बो तापतो. काकांनी मुलीच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा इतका बारकाईने पाहिला नव्हता.

आणि उष्णता हा विषय निघाला, की काकांची ती दोन मिनिटं येतात.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याच्या एका टोकाला आठ-नऊशे अंशांचा धूर, मध्ये बेअरिंग आणि त्यात तेलाची बारीक धार. दामटत आलात आणि तडक इंजिन बंद केलंत, तर तेलाचा पंप थांबतो, अडकलेलं तेल तिथेच करपून त्याचा कोळसा होतो. म्हणून पोचल्यावर गाडी दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची. साधी गोष्ट. पण काकांनी तिचं व्रत केलं.

नुअर्क विमानतळावर पोलीस मागून भोंगा वाजवतोय आणि काका बोटं दाखवतायत, दोन मिनिटं. सत्यनारायणाला गुरुजींना घेऊन आले. यजमान पाट मांडून उभे, गुरुजी सीटबेल्टात, दोन मिनिटं. काकूंना प्रसूतीच्या कळा येत होत्या, तेव्हा इस्पितळाच्या दारात हे म्हणाले, ‘तू हो पुढे, मी आलोच.’ ही कथा काकू स्वतः सांगतात आणि दर वेळी कळा थोड्या वाढवून सांगतात. मंडळाच्या बैठकीत काकांवर कोणी चिडलं, तरी ते लगेच उठून जात नाहीत. दोन मिनिटं बसतात, मग जातात. त्यांना मंडळाने एकदा स्वागत समितीतही घेतलं होतं. प्रमुख पाहुणे आले, पण गाडीतून उतरले नाहीत.

पेट्रोल भरणं हा निराळा सोहळा. न्यू जर्सीत १९४९ पासून स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पंपावरच्या मुलाच्या हातात नळी द्यावी लागते. काका खाली उतरून त्याच्या खांद्याशी उभे राहतात. ‘त्र्याण्णव ऑक्टेन. सत्त्याऐंशी नाही. बटण पुन्हा बघ.’ वास्तविक साबच्या पेर गिलब्रांड या इंजिनिअरने नेमकी हीच काळजी मिटवली होती. १९८२ पासून साबमध्ये एपीसी नावाची यंत्रणा आली. ब्लॉकवरचा सेन्सर नॉकिंग, म्हणजे तीच खडखड, ऐकतो आणि बूस्ट कमी करतो, त्यामुळे पेट्रोल हलकं असलं तरी इंजिन वाचतं. पण गाडीने स्वतःचं ऐकावं आणि काकांना विचारू नये, हे काकांना पटत नाही.

एका गणपतीला काकांनी चार जणींना हॉलवर सोडायचं कबूल केलं. पार्कवेवर गाड्या तुंबलेल्या, सप्टेंबरचं ऊन. उन्हातली तीस अंशांची हवा टर्बोने ०.७ बारने दाबली की शंभर अंशांच्या आसपास जाते. तिला निववायला पुढे इंटरकूलर असतो, पण उभ्या गाडीत त्याला आणि रेडिएटरला वारा कुठला? काटा चढू लागला. काकांनी शांतपणे हीटर पूर्ण सोडला. शास्त्र म्हणून बिनचूक, कारण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिन वाचलं. आतल्या चार पैठण्या आणि चार मेकअप वाचले नाहीत. आणि हॉलशी पोचल्यावर, दारं उघडायच्या आधी, दोन मिनिटं.

लोक हसतात, तेव्हा काका ओल्ड्समोबिलची गोष्ट काढतात. १९६२ मध्ये जेटफायर नावाची टर्बो गाडी आली होती. कॉम्प्रेशन १०.२५, त्यामुळे नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडायची सोय होती. त्याची टाकी मालकाने भरायची, एवढंच काम. लोक विसरायचे. शेवटी कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवावे लागले. ‘बाटली ओतायचा कंटाळा!’ काका म्हणतात आणि त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला असतो. त्यांची मुलगी इलेक्ट्रिक गाडी चालवते. पोचली की उतरते आणि चालू लागते.

हे सगळं खरं, पण हिमवादळात पहाटे चारला विमानतळावरून कोणाला आणायचं असलं, तर मंडळातले सगळे काकांच्याच नंबरवर फोन करतात, हेही खरं. बंद पडलेल्या गाडीपाशी काका रात्री टॉर्च आणि स्ट्रोब घेऊन येतात आणि पैशाचं नाव काढू देत नाहीत. एवढं त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

काही वर्षांपूर्वी साबचा टर्बो बदलावा लागला. नवा आला तो पाण्याने गार होणारा. अशा टर्बोत इंजिन बंद केल्यावरही तापलेलं पाणी आपोआप फिरत राहतं, बेअरिंगमधली उष्णता ओढून घेतं आणि तेल सहसा करपत नाही. गावातून सावकाश घरी आल्यावर तर थांबायचं काही कारणच उरत नाही. मंडळातल्या एका तरुण इंजिनिअरच्या हे लक्षात आलं. काकांची चूक सापडल्याच्या आनंदात तो त्यांच्या घरी गेला, तर ड्राइव्हवेमध्ये साब गुरगुरत उभी. रेडिओ बंद, आत दोघं. काकू काहीतरी सांगत होत्या आणि काका त्यांच्याकडे बघून ऐकत होते, जे घरात टीव्हीसमोर कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. दोन मिनिटांची दहा झाली.

काका किल्ली घेऊन आत गेल्यावर त्याने काकूंना गाठलं आणि पाण्याचं सगळं शास्त्र सांगितलं.

‘माहितेय रे,’ काकू म्हणाल्या. ‘टर्बोचं बिल मीच भरलं. त्यावर वॉटर-कूल्ड असं ठळक लिहिलंय. त्यांना नको हं सांगूस.’