दहा हजार मिलिमीटरचं जाकीट

बाजारात तुरी म्हणतात तसं, आभाळात ढगाचा पत्ता नसताना मी मे महिन्यात पावसाळी जाकीट घेतलं. तेही जालन्यात राहून. ज्या गावानं पाऊस पाहण्यापेक्षा टँकरची वाट जास्त पाहिली, त्या गावात.

दुकान संभाजीनगरातलं, मोठं, थंडगार. नाव सांगत नाही, कारण दोष दुकानाचा नाही, माझा आहे. पोरगं चुणचुणीत होतं. त्यानं बाही उलटी करून लेबल दाखवलं: वॉटरप्रूफ १०,००० मिमी, ब्रीदेबल ५,००० ग्रॅम. वर म्हणालं, "सर, हे श्वास घेतं." साडेचार हजार मोजून मी ते श्वास घेणारं प्रकरण घरी आणलं. बायको म्हणाली, "श्वास घेणारे घरात आधीच पाच आहेत. त्यातल्या दोघांची फी भरायचीय."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आभाळ फाटलं. मी मुद्दाम जाकीट चढवलं, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि मोटारसायकल एमआयडीसीकडं काढली. संभाजीनगर रोडला पाऊस वरून पडतो त्यापेक्षा सळया भरलेल्या ट्रकच्या चाकाखालून जास्त येतो. चंदनझिरा ओलांडून मिलच्या गेटसमोरच्या टपरीवर पोचलो, जाकीट काढलं, तर आतला शर्ट पाठीला चिकटलेला. कॉलरपासून कमरेपर्यंत ओला.

"गळलं," टपरीवाला समाधानानं म्हणाला. दुसऱ्याची महागडी वस्तू गळली की माणसाला चहा गोड लागतो.

टपरीवर आमचे मिस्त्री होते. हा माणूस पंचवीस वर्षं रोलिंग मिलमध्ये आहे, मिलिमीटर हा त्याचा धंदाच. आठ, दहा, बारा, सोळा, पंचवीस. त्यानं लेबल डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचलं. "दहा हजार मिलिमीटर? आपल्याकडं सालभरात पडतो साडेसहाशे-सातशे. तोबी पडला तर. म्हणजे हे जाकीट चौदा-पंधरा वर्षांचा पाऊस एकदम झेलणार. आन् तुम्ही अर्ध्या तासात भिजलाव?"

हिशेब बिनचूक होता, फक्त जात चुकली होती. लेबलावरचे मिलिमीटर पावसाचे नसतात. कापडाचा तुकडा ताणून बसवतात आणि त्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब दिसले की थांबायचं. त्या वेळी पाण्याची उंची जेवढी भरेल तेवढा आकडा लेबलावर. दहा हजार मिलिमीटर म्हणजे दहा मीटर, तीन मजली घराच्या गच्चीवरची टाकी डोक्यावर घेतल्यासारखं. पावसाचा थेंब बिचारा एवढा जोर कधीच लावत नाही. जोर लावतं ते आपलं बूड. मोटारसायकलच्या सीटवर साचलेलं पाणी आणि त्यावर पंच्याहत्तर किलो वजन, हा दाब रेनकोटाच्या पँटीला सोसत नाही. जालन्यातला प्रत्येक मोटारसायकलवाला नेमका कुठून भिजतो हे ज्याचं त्याला माहीत आहे; चारचौघांत कुणी बोलत नाही एवढंच. बरं, कापड नाही गळलं तरी शिवण आहे. सुई एकेका टाक्याला एक भोक पाडते. आतून पट्टी चिकटवून ती भोकं बुजवतात, ती पट्टी चांगली असेपर्यंत जाकीट चांगलं.

पण माझं पाठीवर भिजलं होतं, आणि पाठीला ना सीट ना चेन. मिस्त्रींनी शर्टाची ओली कॉलर चिमटीत धरली, पिळली आणि म्हणाले, "चाटून बघा."

चाटलं. खारट.

"पाऊस खारट असतो व्हय?"

म्हणजे जाकीट गळलं नव्हतं. त्यानं बाहेरचा पाऊस इमानेइतबारे बाहेर ठेवला होता आणि आतला तितक्याच इमानानं आत.

माणसाला पाण्यापासून वाचवायचं आणि त्याच्या घामात बुडवायचं, हा उद्योग दोनशे वर्षं जुना आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये पातळ केलेलं रबर भरलं आणि त्याचं पेटंट घेतलं. उन्हात ते चिकट व्हायचं, थंडीत कडक. आमच्या पिढीच्या वाट्याला डकबॅक आला. कलकत्त्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली सुरू केलेल्या कारखान्याचा, स्वदेशीच्या घरातला. शाळेच्या वर्गात मागच्या भिंतीला असे वीस-पंचवीस रेनकोट टांगलेले असले की येणारा वास ज्यानं घेतलाय त्याला रबराची जाहिरात करायला नको.

मग आला श्वास. त्याची कथा मी मिस्त्रींना टपरीवरच सांगितली. अमेरिकेत बॉब गोर नावाचा माणूस १९६९ साली टेफ्लॉनचे दांडे भट्टीत तापवून ताणत होता. टेफ्लॉन म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावरचं तेच. हळूहळू, जपून ओढायचा, आणि दरवेळी दांडा तुटायचा. शेवटी वैतागून त्यानं एक जोरात हिसका दिला, तर दांडा तुटायच्या ऐवजी आठ-दहा पट लांबला. आत सगळी बारीक बारीक छिद्रं. पाण्याच्या थेंबाला ती फारच लहान, वाफेला मात्र हत्ती जाईल एवढी. त्याचंच पुढं गोर-टेक्स झालं आणि १९७६ पासून बाजारात आलं.

मिस्त्रींच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "तापवून ओढला. बरं मग? आम्ही काय करतो?" त्यांनी टपरीच्या फळीवर चहाच्या ओल्या बोटानं हिशेब मांडला. शंभर बाय शंभरचं बिलेट, त्याची बारा एमएमची सळई. लांबी भरते अठ्ठ्याऐंशी पट. "आठ-दहा पटीचं पेटंट?" म्हणाले. "आमच्या पोरांना कुणी चहाबी पाजत नाही."

जाताना गेटकडं बोट दाखवून बजावलं, हे घालून आत येऊ नका. फर्नेसमध्ये सोळाशे अंशांच्या आसपास पोलाद वितळलेलं असतं. ठिणगी उडाली तर सुती कापड जळतं, राख झटकता येते. हे नायलॉन-पॉलिस्टर अडीचशेच्या आसपासच वितळतं आणि वितळलं की कातडीला चिकटतं. दहा हजार मिलिमीटरला एक ठिणगी पुरते.

मला मात्र राहून राहून प्रश्न पडला होता. छिद्रं आहेत, वाफेला वाट आहे, मग माझी वाफ अडली कुठं? उत्तर दिलं दुसऱ्या दिवशी एका बियाणे कंपनीच्या लॅबमधल्या सरांनी. जालन्यात लोक पोलादावर जगतात तसे बियाण्यावरही जगतात. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथं महिको सुरू केली, तेव्हापासून. सर म्हणाले, वाफ आपण होऊन कुठं जात नाही, तिला उतार लागतो. आत ओल जास्त, बाहेर कमी, तरच ती बाहेर पडते. हिमालयात बाहेर कोरडी थंड हवा असते, तिथं तुमचं जाकीट श्वास घेईल. जालन्यात जूनमध्ये पाऊस चालू असताना बाहेर अठ्ठावीस अंश आणि हवा ओलीचिंब. आत तुम्ही. वाफ दारापर्यंत येते, बाहेर डोकावते, आणि म्हणते इथंच बरं आहे.

मग त्यांनी लेबलावरच्या ५,००० ग्रॅमचाही निकाल लावला. हा आकडा कापडाच्या एका चौरस मीटरमधून चोवीस तासांत किती वाफ जाते त्याचा, तोही प्रयोगशाळेत, सगळं अनुकूल असताना. दीड चौरस मीटर कापड धरलं तर तासाला तीनशे ग्रॅम. कष्ट करणारा माणूस तासाला लिटरभर घाम गाळू शकतो. उरलेल्या सातशेचं काय करायचं ते लेबलावर छापलेलं नव्हतं.

"आमच्याकडं उलटा धंदा आहे," सर म्हणाले. बी जिवंत असतं, तेही श्वास घेतं. सोयाबीनचं बी साध्या पोत्यात भरायचं तर ओल बारा टक्क्यांपर्यंत चालते, कारण पोतं हवा खेळू देतं. तेच वाफबंद पाकिटात भरायचं तर सात टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. ओलं बी हवाबंद केलं तर ते बाहेरच्या पावसानं मरत नाही, स्वतःच्या ओलीनं मरतं. असं म्हणून त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. बारा टक्क्यांचं बी सात टक्क्यांच्या पाकिटात भरल्यावर पाहावं तसं.

एवढा खटाटोप ज्या प्रश्नासाठी, तो आमच्या आजोबांनी पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसून सोडवला होता. खोळ. डोक्याला टोपी, पाठीला छप्पर, पुढून आणि खालून सताड उघडी. वाफेला उतार नको, लेबल नको. वारा आला की सगळं बाहेर. घोंगडी तर आणखी पुढची. मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओल आत मुरवते आणि तरी हाताला ओली लागत नाही. वर विणकरानं ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली, त्यामुळं नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ उभी राहते. वजन मात्र असं की भिजली की मेंढीसकट उचलल्यासारखं वाटतं. जुन्याचं कौतुक करताना हे सांगायचं सहसा राहून जातं.

आता तागाची पोती गेली, खोळ युरियाच्या पिशवीची झाली. २०२२ पासून देशभर खताच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात 'भारत' छापलेलं असतं, त्यामुळं पावसात खुरपणारी बाई पाठीवर अख्खा भारत घेऊन वाकलेली दिसते. तो भारत बऱ्यापैकी वॉटरप्रूफ आहे.

आणि खरी गंमत पुढं आहे. महागड्या जाकिटावर पाण्याचे मोत्यासारखे थेंब घरंगळतात ना, ती करामत बरीच वर्षं एका रसायनाच्या घराण्याची होती. धुवून धुवून दोन पावसाळ्यांत थेंब घरंगळायचे थांबतात, बाहेरचं कापड पाणी पितं आणि श्वास अगदीच बंद. रसायन मात्र कुठं जात नाही. नद्यांत, मातीत, माणसाच्या रक्तात बसून राहतं. पाणी लागू नये म्हणून लावलेली वस्तू शेवटी पाण्यातच मुक्कामाला. फ्रान्सनं २०२६ पासून कपड्यांत तिला बंदी केली आहे. गोरच्या कंपनीनंही २०२२ मध्ये टेफ्लॉनऐवजी दुसरा पडदा काढला, पॉलिइथिलिनचा. युरियाची पिशवी कशाची असते? बरेचदा पॉलिइथिलिनचीच. पन्नासेक वर्षं संशोधन करून साहेब आमच्या भावकीत आले.

त्या पहिल्या पावसानंतर तीन आठवडे आभाळ कोरडं गेलं. जाकीट खुंटीला. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, आणि गावाकडं आई दरवर्षी त्याच्याआधी फोन करते. जुलै लागता लागता दोन रात्री चांगला बरसला. तिसऱ्या दिवशी मी सोयाबीनची पंचवीस किलोची पिशवी मोटारसायकलच्या मागं बांधली आणि निघालो.

अंबड रोडला अर्ध्या वाटेत गाठलंच. झाडाखाली गाडी लावली. पिशवी साधी, शिवलेल्या तोंडाची, हवा खेळणारी. भिजली तर पेरणी गेली. सोयाबीनचं टरफल तसंही पातळ, ओल लागली की उगवणीचा भरवसा नाही. मी जाकीट काढून पिशवीला घातलं. बाह्या पुढं आणून गाठ मारली, टोपी शिवणीवर ओढली, चेन लावली. मागून पाहिलं असतं तर कुणी बुटका माणूस पाठीला टेकून झोपलाय असं वाटलं असतं. शेजारी थांबलेल्या म्हाताऱ्यानं न विचारता डिकीतून एक युरियाची पिशवी काढून दिली. ती डोक्यावर घेऊन मी पुढं निघालो, भारत पाठीला आणि वारा छातीला.

दारात आई उभी होती. माझ्या पँटीतून, बुटातून पाणी निथळत होतं. ती माझ्या बाजूनं तशीच मागं गेली, चेन उघडली आणि आत कोपरापर्यंत हात घातला.

"कोरडं आहे," म्हणाली. "चांगलं दिसतंय हे. केवढ्याला आणलं?"

मी साडेचारशे सांगितले.